शाळेची फवारणी

शाळा उघडणार ही बातमी आली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या होत्या आणि पाय चिखलात रुतले होते. शाळेचा शिपाई बांधावरून सायकल ढकलत चालला होता. मला बघून त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला आणि हाक दिली, "ए भोंगा! उघडतेय तुझी शाळा! सोमवारी!"

मी बादल्या सोडल्या. खाली ठेवल्या नाहीत, सोडल्या. सगळं पाणी बाबांच्या पायांवर.

"अगं, शाळा उघडतेय, आभाळ नाही फाटलं," बाबा म्हणाले. पाठीवर भरलेली टाकी असली की त्यांना नुसती मान वळवता येत नाही, अख्खं अंग फिरवावं लागतं. तसे ते बैलासारखे सावकाश फिरले आणि ओल्या पायांकडे बघून हसले. "भर परत. शाळा सोमवारी आहे, टोमॅटो आज आहेत."

मला घरीदारी भोंगा म्हणतात. आवाजच तसा आहे, त्याला मी काय करणार! आईच्या मते मी कुजबुजले तरी शेजारच्या म्हशी कान टवकारतात.

बाबा फवारणीवाले. ज्याच्या पिकावर अळी पडेल त्याच्या शेतात आमचे बाबा पाठीवर पंप घेऊन हजर. डाव्या हातानं दांडा वरखाली करत राहायचा, उजव्या हातात नळी धरायची आणि सरीतून चालत सुटायचं. म्हणून त्यांचा डावा दंड उजव्याहून जाड आहे आणि दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे काळे वळ आहेत, कोणत्याच साबणानं न निघणारे. साथ आली, शाळा बंद झाली आणि मी त्यांची पाणीवाली झाले. विहीर ते सरी, सरी ते विहीर. वर्ग म्हणे मोबाईलवर भरायचे. आमचा मोबाईल बाबांच्या खिशात, बाबा शेतात, आणि शेतात रेंज यायची ती झाडावर चढलं तरच. मी चढलेही होते. बीजगणित निम्मं ऐकलं आणि उरलेल्या निम्म्याला फांदीसकट खाली आले.

बादली हातात दिली त्याच दिवशी बाबांनी सांगून ठेवलं होतं, "शाळा उघडेल त्या दिवशी ही खाली ठेवायची." त्या एका वाक्यावर मी दिवस काढत होते. कारण ज्यांच्या मळ्यात आमचं निम्मं वर्ष जातं ते मळेवाले येता-जाता म्हणायचे, "पोरगी कामाला वाघ झाली. आता कसली शाळा? तोडणीला कायमची घेऊन टाकतो." आई टोमॅटोच्या क्रेटमध्ये मान घालून गप्प बसायची. गप्प बसणं म्हणजे आमच्या आईचं निम्मं हो असतं.

पण आता सोमवार ठरला होता.

ठरला होता म्हणजे अडकला होता. संध्याकाळी हेडसर आणि डेअरीवाले आमच्या दारात आले. डेअरीवाले म्हणजे दूध गोळा करतात ते, आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. दोघं अंगणाच्या कडेला उभे राहिले, लांब, जसे गटाराशेजारी उभे राहतात. आईनं खुर्ची पुढे केली तर डेअरीवाले म्हणाले, "राहू दे, राहू दे. अंतर पाळायचंय."

"पहिल्या लाटेत शाळेत आजारी लोक ठेवले होते," हेडसर म्हणाले. "पालक म्हणतात, वर्ग फवारून घेतल्याशिवाय पोरं पाठवणार नाही. बाहेरची माणसं मागवायला वेळ नाही. तुमच्याकडे पंप आहे."

"शिवाय पोरगी तुमचीच शिकतेय," डेअरीवाल्यांनी जोड दिली.

हेडसरांनी सोबत आणलेला कॅन बाबांनी हातात घेतला, झाकण उघडून नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. जंतुनाशक होतं. डोळ्यांत पाणी आलं तरी चेहरा असा, जसं कुणी अत्तर दाखवलंय.

हेडसर लेबल वाचू लागले, "एका टाकीला एक माप..."

बाबा हसले. "सर, लेबलावरचं कंपनीसाठी असतं. लेबलाप्रमाणे मारलं तर अळी अंगाला तेल लावल्यासारखी तकतकीत होते. दुकानात येईपर्यंत औषधात निम्मं पाणी पडलेलं असतं. आम्ही दुप्पटच मारतो. सगळेच मारतात."

"दुप्पटच मारा," डेअरीवाले म्हणाले. "पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे. हात आखडू नका."

हेडसरांनी लेबल पुन्हा एकदा पाहिलं. मग कॅन खाली ठेवला. "बघा बुवा. अनुभव तुमचा."

रविवारी सकाळी मी बाबांच्या पुढे पळत शाळेत गेले. किती दिवसांनी! व्हरांड्यात पाखरांची घाण, फळ्यावर अजून कुणीतरी लिहिलेली जुनी तारीख, माझ्या बाकावर धुळीचा इतका जाड थर की मी बोटानं माझं नाव लिहिलं आणि खाली एक मिशीवाला माणूस काढला. बाबांनी पंप धुवून आणला होता, तरी शेतातल्या औषधाचा वास त्याला चिकटलेलाच होता. तो कधीच जात नाही.

शिपाई खिडक्या उघडायला लागला. बाबांनी त्याला अडवलं.

"लाव. सगळ्या लाव."

"कोंडेल की हो."

"कोंडायलाच पाहिजे. धान्याचं गोदाम फवारतो तेव्हा दार-खिडक्या बंद करतो का नाही? फट राहिली की किडा बाहेर. हा तर डोळ्यालाही न दिसणारा. खिडकीतून गेला तर गावभर जाईल."

शिपायाला पटलं. मलाही पटलं. इतकं पटलं की मी स्वतः खिडक्यांच्या फटीत जुने कागद कोंबले.

मला त्यांनी आत येऊ दिलं नाही. मी नळावर बादल्या भरायच्या आणि दाराशी ठेवायच्या. बाबांनी ओलं फडकं नाकातोंडावर बांधलं, टाकी चढवली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. काचेतून दिसायचं ते एवढंच: पांढरट धुकं, त्यात वरखाली होणारं एक कोपर, आणि दांड्याचा खटक खटक आवाज. वर्ग संपला की ते बाहेर यायचे, फडकं खाली ओढून थुंकायचे आणि कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. डोळे असे लाल की मीच आपले डोळे चोळले.

"बाबा, जरा थांबा की."

"गोदामात याच्या वरताण असतं."

"गोदामात इतके वर्ग नसतात."

"म्हणून तर. थांबलो तर सोमवार चुकेल तुझा."

दुपारी ऊन पत्र्यावर आलं. आत किती उकडत असेल! दहावीचा वर्ग शेवटचा ठेवला होता. तो करून ते बाहेर आले, पुन्हा टाकी भरली आणि पुन्हा त्याच वर्गात शिरले.

"झाला ना तो?"

"तुझ्या वर्गाला जरा जास्त," आतून आवाज आला आणि मग बराच वेळ नुसता खोकला.

काम उरकल्यावर ते नळाशी बसले आणि ओकले. फक्त पाणी निघालं, फेसाळ. शिपाई म्हणाला, "उपाशी पोटी केलंस, म्हणून." बाबांनी मान हलवली. पट्टे काढायला मी मदत केली. सदरा पाठीला असा चिकटला होता की सोलून काढावा लागला.

सोमवारी मी किती वाजता उठले ते सांगत नाही, आई अजून चिडवते. गेटवर भिंगरी उभी होती. ती माझी मैत्रीण, एका जागी उभी राहत नाही म्हणून भिंगरी. पण त्या दिवशी तिच्या हातात ताप मोजायची बंदूक दिली होती, त्यामुळे ती खांबासारखी ताठ होती.

"कपाळ पुढे करा," ती मला म्हणाली.

"करा?"

"ड्युटीवर आहे मी. ओळख बाहेर."

एका बाकावर एक. तोंडावर मास्क. डबा आपापला, पाणी आपापलं. वर्गात पाऊल टाकलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा. बाई म्हणाल्या, "हा स्वच्छतेचा वास आहे, मुलांनो. सवय होईल." बाई स्वतः दाराशी उभ्या राहून शिकवत होत्या. मी मात्र आत खोल, माझ्या बाकावर. डोळे गळत होते, घसा खवखवत होता, आणि मी हसत होते. मास्कमुळे कुणाला दिसलं नाही ते बरं, नाहीतर वेडी म्हणाले असते.

घरी बाबा खोकत होते.

तो खोकला काही साधा नव्हता. आधी छातीत काहीतरी फाटल्यासारखं व्हायचं, मग ते पुढे वाकायचे, गुडघ्यांवर हात ठेवायचे आणि डोळे बाहेर येईपर्यंत खोकायचे. साथीच्या दिवसांत खोकला! शेजारच्या काकूंनी आमच्या बाजूची खिडकी लावून घेतली ती उघडलीच नाही. आई दूध आणायला डेअरीवर गेली तर तिला भांडं जमिनीवर ठेवून मागे व्हायला सांगितलं आणि वरून धार सोडली. निम्मं दूध मातीत. आई म्हणाली, "अहो, सांडतंय." मापाड्या म्हणाला, "सांडू दे. जीव सांडण्यापेक्षा बरं."

आठवडा उलटायच्या आत हेडसरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. डेअरीवालेही होते.

"तू काही दिवस घरी थांब."

"का सर? भिंगरीनं मोजला माझा ताप. नाहीये."

"वडील खोकतात ना तुझे?"

"ते फवारणीनं!"

"तपासून घ्या आधी," डेअरीवाले म्हणाले. "आणि लांबून बोल. तुझा आवाजच एवढा मोठा आहे, थुंकी कुठवर जात असेल देव जाणे."

दफ्तर आणायला वर्गात गेले तर सगळे बाक माझ्यापासून सरकले. म्हणजे मुलांनी सरकवले. बाक कशाला सरकतील!

बाबांची तपासणी झाली. आजार निघाला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, "काम काय करता?" बाबांनी सांगितलं. कोणतं औषध, किती, कुठे, तेही सांगितलं. डॉक्टरांनी नळी गळ्यात टाकली. "खिडक्या बंद करून? तोही दुप्पट डोस? अहो, छाती आतून भाजून घेतलीत तुम्ही."

"मग आता?"

"आता जपायचं. पंप पुन्हा पाठीवर घ्यायचा नाही."

रस्ताभर मी नाचत होते. खरंच. मला एवढंच ऐकू आलं होतं की आजार नाही. "बाबा, आता जाऊन सांगायचं सगळ्यांना! मी सांगते. चौकात उभी राहून सांगते." चढ लागला तेव्हा बाबा खाली बसले. मी पुढे निघून गेले होते, परत आले.

शाळेच्या गेटवरच हेडसर आणि डेअरीवाले भेटले. बाबांनी गेटबाहेर उभं राहून डॉक्टरांचं सगळं सांगितलं. हेडसरांचा चेहरा उतरला. डेअरीवाल्यांचा नाही.

"म्हणजे वर्गात विष आहे, असं म्हणायचंय तुला?"

"नाही हो. मी दार लावून..."

"लोक तेच म्हणणार. आजार नाही तर औषधानं झालं. औषधानं धडधाकट माणसाचं हे झालं, तर पोरांचं काय होईल? उद्या एक पोर येणार नाही. लागलं कुलूप." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मग हिची दहावी कुठे करणार? टोमॅटोत?"

हेडसर हळूच म्हणाले, "आजार आहे असंच म्हटलं तर... आजारी माणसाला बाजूला राहावंच लागतं. तुम्ही मळ्यातल्या मोटरच्या खोलीत राहा थोडे दिवस. मुलगी घरी राहील, शाळेत येईल. कुणाची हरकत राहणार नाही."

"पण ते खोटं आहे!" मी ओरडले. रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला.

बाबांनी माझा दंड धरला. अजून जोर होता त्या हातात. "आजारच म्हणा," ते हेडसरांना म्हणाले.

घरी मी रडून गोंधळ घातला. बाबा चादर गुंडाळत होते.

"आजारी माणूस बरा होतो, भोंगा," ते म्हणाले. "भाजलेला नाही होत. आणि मला दुप्पट डोसानं भाजलं हे कळलं तर मला कोण बोलावेल फवारायला? ज्याला प्रमाण कळत नाही तो कसला फवारणीवाला? म्हणू दे आजार. तू शाळेत जा आणि तोंड मिटून बस. तेवढंच कर माझ्यासाठी."

मला वाटलं होतं, सगळं माझ्यासाठी चाललंय. निम्मं त्यांच्या नावासाठी होतं. मला त्याचा राग आला नाही. उलट नाव एवढं जपतात म्हणून जरा अभिमानच वाटला.

मोटरची खोली म्हणजे चार भिंती, एक मोटर आणि पाली. मोटर सुरू झाली की दात हलायचे. आई डबा दाराबाहेर दगडावर ठेवायची आणि मागे व्हायची. मागे व्हायची गरज नाही हे तिला माहीत होतं, पण मळेवाले बांधावरून बघत असायचे. मळेवाल्यांनी दुसरा फवारणीवाला लावला. तो बाबांच्या डोळ्यांदेखत बाबांच्याच सऱ्यांतून चालायचा आणि दोन झाडं सोडून एक मारायचा. बाबा आतून ओरडायला जायचे आणि खोकत बसायचे.

शाळेत मला शेवटचा बाक दिला होता, भिंतीला तोंड करून नाही एवढंच. मुली मला 'खोकल्याची' म्हणायच्या. भिंगरी बंदूक लावायची ती हात लांब करून, जणू मी फटाका आहे. "सॉरी गं, आई ओरडते," ती डोळ्यांनीच म्हणायची. मी तोंड मिटून बसायचे. बाई प्रश्न विचारायच्या, उत्तर घशापर्यंत यायचं आणि मी ते गिळायचे. माझ्यासारख्या मुलीनं! पोट दुखायचं अक्षरशः.

आणि दर रविवारी शिपाई आमचाच पंप घेऊन वर्ग फवारायचा. बाबांनी दाखवला तसाच. खिडक्या लावून, दुप्पट. दर सोमवारी आम्ही सगळे रडत शिकायचो. पहिलीतली एक चिमुरडी बाकावरच ओकली, तिला ताप नसताना घरी पाठवलं. शिपाई व्हरांड्याच्या टोकाला जाऊन, तोंडावर मूठ ठेवून खोकायचा. मी एकदा त्याच्याकडे बघत राहिले. तो म्हणाला, "काय बघतेस? घास अडकलाय."

मग तपासणीला मोठ्या साहेबबाई येणार असं ठरलं. सुरक्षितपणे उघडलेली शाळा म्हणून आमची शाळा बघायला! मुलांतर्फे भाषण कोण करणार? मास्कमधून शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज शाळेत एकच होता. बाईंनी हेडसरांकडे पाहिलं, हेडसरांनी डेअरीवाल्यांकडे. डेअरीवाले म्हणाले, "करू दे. लिहून द्या आणि पाठ करून घ्या."

मी पाठ केलं. आरशासमोर केलं, मळ्यात जाऊन मोटरच्या खोलीबाहेर उभी राहूनही केलं. बाबा आतून ऐकत होते. "'आदरणीय'वर जरा थांब," ते म्हणाले. "झक्क आहे आवाज."

तो सोमवार होता. साहेबबाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या. मी उभी राहिले आणि सुरू झाले. कसला आवाज लागला होता त्या दिवशी! अंतर, मास्क, हात धुणे, सगळं धडाधड. लांब लांब बसलेली पोरं तोंड उघडून बघत होती. भिंगरीनं ड्युटी विसरून टाळ्या वाजवल्या. साहेबबाई हसल्या. "वा! आणि शाळा इतकी छान निर्जंतुक कुणी केली गं?"

हे पाठ केलेल्यात नव्हतं.

"बाहेरून माणूस आणला होता, मॅडम," डेअरीवाले पटकन म्हणाले.

बाहेरून! बाबांचं नाव बाबांनी जपलं ते असं पुसायला? माझ्या तोंडातलं उत्तर या वेळी गिळलं गेलं नाही.

"माझ्या बाबांनी केली," मी म्हणाले. आणि मग थांबताच येईना. टाकी, दुप्पट डोस, लावलेल्या खिडक्या, फटीतले कागद, डॉक्टर, मोटरची खोली, शिपायाचा खोकला, चिमुरडीचं ओकणं. सगळं त्याच सुरात, 'आदरणीय'वर थांबून. मला वाटत होतं, मी बाबांना हाताला धरून त्या खोलीतून बाहेर काढते आहे.

साहेबबाई उठल्या आणि दहावीच्या वर्गात गेल्या. लगेच रुमाल लावून बाहेर आल्या. "सगळी मुलं मैदानात," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. आणि सगळे वर्ग बंद."

दुपारपर्यंत शाळेला कुलूप लागलं. चौकशी बसली. चौकशी संपते तोवर साथीची पुढची लाट आली आणि कुलपाला गंज चढला.

लोक आमच्या दारात आले ते अंतर न पाळता आले. "इतके दिवस आमची पोरं विषात बसवली!" "माहीत होतं आणि गप्प राहिले!" एका आजोबांनी आईच्या पायाशी थुंकून दाखवलं. डेअरीवाले त्यांच्यात होते, सगळ्यांत पुढे. "मला तर म्हणाला, आम्ही दुप्पटच मारतो. मी काय त्यातला जाणकार आहे?" हेडसर आले नाहीत. त्यांची बदली झाली.

मी मळ्यात पळत गेले. "बाबा, घरी चला! तुम्हाला आजार नाही हे सगळ्यांना कळलं!"

ते दारात उभे होते. त्यांना आधीच कळलं होतं, मळेवाले सांगून गेले होते.

"मी सांगितलं होतं का तुला?"

"बाबा, पण तुम्ही आता मोकळे..."

"तुला एक काम दिलं होतं. एक!"

त्यांनी हात उगारला. बाबांनी मला कधी मारलं नव्हतं. तेव्हाही मारलं नाही. खोकला आला. उगारलेला हात चौकटीवर आपटला आणि ते त्या हाताला लटकून खोकत राहिले. मी जवळ गेले तर मानेनंच नको म्हणाले.

ते घरी आले, पण कामाला कुणी बोलावलं नाही. शेतात सगळेच दुप्पट मारतात, तरी पारावर बसून तेच सगळे म्हणायचे, "त्याला प्रमाण कळत नाही." शिपायानं पंप आमच्या अंगणात आणून टाकला आणि मागे न बघता गेला. आई एकटी तोडणीला जायची आणि संध्याकाळी पाठ धरून बसायची. मग एकदा मळेवाले दारात आले. त्यांचा नवा माणूस झाडं सोडतो हे त्यांच्या अळ्यांना कळलं होतं.

"पंप आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. "पोरगी धडधाकट आहे. तू बांधावर बसून सांग, तिला मारू दे. तुझ्या भरवशावर नाही, लेबल मी वाचणार."

बाबा मान खाली घालून नखं बघत होते. आई माझ्याकडे बघत होती आणि गप्प होती.

"शाळा उघडेपर्यंतच," मी म्हणाले. कुणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही.

पट्टे माझ्या मापाचे नाहीत. छिद्रं पाडून आवळले तरी टाकी कमरेवर आपटते. सुरुवातीला मी सरीत दोनदा पालथी पडले, औषध मानेवरून आत गेलं आणि पाठ आठवडाभर सोलत होती. आता पडत नाही. माझाही डावा दंड फुगायला लागलाय. भिंगरीला दाबून दाखवला तर ती म्हणाली, "अय्या, पैलवान!"

लाट ओसरली आणि शाळा पुन्हा उघडली. या वेळी बाक उन्हात काढून धुतले म्हणे, खिडक्यांची दारंच काढून ठेवली, वारा आरपार. कुणाचे डोळे गळत नाहीत. मी बाबांना म्हटलं, उद्यापासून जाते. बाबा म्हणाले, "सकाळची टाकी मारून जा."

सकाळची टाकी मारत होते. मळ्याच्या कडेनं शाळेचा रस्ता जातो. पोरं चालली होती, लांब लांब, नव्या मास्कांत. घंटा वाजली. माझी टाकी अर्धी भरलेली होती. मी बांधाकडे पाहिलं. तिथे बाबा उकिडवे बसले होते.

"घंटा झाली बाबा. उरलेलं ठेवू का? दुपारी मारीन."

"मिसळलेलं औषध ठेवत नाहीत. चारच्या चार सऱ्या संपव."

भिंगरी रस्त्यावर थांबली. दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडली, "ए! बाई हजेरी घेतायत! येतेस का? काय सांगू त्यांना?"

माझे दोन्ही हात अडकलेले, एक दांड्याला, एक नळीला. वारा फिरला होता आणि फवारा माझ्याच अंगावर येत होता. मी ओरडायला छाती भरून श्वास घ्यायला लागले.

"तोंड मीट!" बाबा बांधावरून कळवळून ओरडले. "फवारताना तोंड उघडायचं नाही!" आणि पुढचं सगळं खोकल्यात गेलं.

मी ओठ घट्ट मिटले आणि दांडा मारत पुढच्या सरीत शिरले. भिंगरी थोडा वेळ वाट बघत उभी राहिली. मग गेली.